जोखमीचे भांडवल आणि वऱ्हाडचा मुलूख

एखाद्या प्रांताच्या पतव्यवहाराचा इतिहास कोठून आरंभावा हा प्रश्न अन्यत्र वादाचा असेल, पण वऱ्हाडपुरते त्याचे उत्तर सोपे आहे. कारण १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी हा अख्खा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला आणि १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत तोच मुलूख सालीना २५ लाख रुपयांच्या रकमेवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. ज्या भूमीत राज्यच तारण पडले होते, तेथल्या कुणब्याने शेत, बैल आणि उभे पीक तारण ठेवावे यात नवल कसले? गेल्या चार-पाच दशकांत आपल्या देशात व्हेंचर कॅपिटल नावाचा जो व्यवहार रुजला, त्याचा आढावा अमरावती-अकोल्याच्या बाजूने घेऊ लागले की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. भांडवल येथे कधी दुर्मिळ नव्हते आणि जोखीम तर दर पावसाळ्याला नवी येत होती. परंतु ज्याचा पैसा त्याचीच जोखीम, असा करार या मातीत क्वचितच झाला.

कापसाच्या व्यापाराचेच पाहा. वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्याचा पहिला मोठा उद्योग १८२५-२६ च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने केला, असे जुनी गॅझेटियरे सांगतात. सडका नाहीत, वाटेत घाट, माल बैलांच्या पाठीवर आणि पावसाची एक सर आली की गाठोड्यांची माती. अशा स्थितीत पैसा घालणारा मनुष्य खऱ्या अर्थाने साहसी म्हटला पाहिजे. पण हीच पेढी पुढे चंदूलालांच्या दिवाणगिरीत निजाम सरकारास कर्ज देऊ लागली, त्या कर्जापोटी वऱ्हाडातील महालांचा वसूल तिने लावून घेतला, आणि दरबाराशी बिनसताच तो वसूल तिच्या हातून गेला. कापसाच्या जोखमीत तरलेली पेढी तारणाच्या सुरक्षिततेत बुडाली, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी शिकवावी अशी आहे.

त्यानंतरचा काळ सर्वपरिचित आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खामगाव, अकोला, अमरावती येथील बाजारांत पूर्वी कोणी पाहिला नव्हता असा भाव उघडला. त्या भावाचा पैसा मुंबईत प्रेमचंद रायचंदांच्या काळातील शेअरबाजीत गेला; कागदावर कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे भाग दामदुपटीने विकले गेले, आणि १८६५ साली युद्ध संपल्याची वार्ता येताच तो सारा डोलारा कोसळला. वऱ्हाडच्या वाट्याला यातले काय आले? लोहमार्ग नागपूरपर्यंत पुरा झाला १८६७ साली, आणि खामगावच्या फाट्याचे उद्घाटन लॉर्ड मेयोच्या हस्ते झाले १८७० साली. म्हणजे तेजीचा पैसा वाहून गेल्यानंतर तो वाहून नेण्याची सोय झाली!

याच सुमारास सरकारने वणी, म्हणजे आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, जो इजाऱ्याचा प्रयोग केला, तो मला आजच्या व्हेंचर फंडाचा दूरचा पूर्वज वाटतो. ओसाड पडलेली गावे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने द्यावयाची, आरंभीची वर्षे सारा अल्प ठेवावयाचा, ठरलेल्या मुदतीत ठरलेला हिस्सा लागवडीखाली आणण्याची अट घालावयाची, आणि अट पाळली तर इजारदारास गावावर टिकाऊ हक्क द्यावयाचा, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. येथे व्याज नव्हते. रान तुटले नाही, विहिरीस पाणी लागले नाही, कुळे वस्तीस आली नाहीत, तर घातलेला पैसा इजारदाराचाच बुडे. साधले तर त्याच्या नातवापर्यंत उत्पन्न पुरे. सावकारीच्या कागदात आणि इजाऱ्याच्या कबुलायतीत हाच मूलभूत भेद होता. दुर्दैवाने तो भेद जमिनीपुरताच राहिला. यंत्र, कारखाना, नवी कल्पना यांना इजारा मिळाला नाही.

तो का मिळाला नाही, याचे उत्तर वऱ्हाडच्या शिवेबाहेर नागपुरास सापडते. जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि गिरण्या मुंबईतच हव्यात हा रूढ समज झुगारून ती कापसाच्या मुलखाजवळ नेली. जागा घेतली ती स्टेशनाजवळची, तळ्याकाठची दलदलीची. आधी भराव घालावा तेव्हा पाया रचावा. नागपुरातील एका मारवाडी पेढीवाल्याकडे भांडवलाची गोष्ट काढली तेव्हा, सोने मातीत पुरणाऱ्यास आपण पैसा देणार नाही, असे सांगून त्याने नकार दिला. आणि पुढे भागांचे भाव चढल्यावर त्याच गृहस्थाने कबूल केले म्हणतात, की टाटांनी माती घालून सोने काढले. आख्यायिकेचा रंग या गोष्टीत थोडा असेल. पण त्या पेढीवाल्याला मूर्ख ठरविण्याची घाई मी करणार नाही. त्याचा पैसा ठेवीदारांचा होता, हुंडीचा होता, मागताक्षणी द्यावयाचा होता. आठ-दहा वर्षे भरावात अडकून पडणारा पैसा त्याच्या चोपडीत कोणत्या खात्यावर मांडावयाचा? न्यून होते ते दीर्घकाळ वाट पाहू शकणाऱ्या पैशाचे.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस कैसर-इ-हिंद म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, टाटांची ही गिरणी एम्प्रेस मिल या नावाने सुरू झाली. तिची व्यवस्था जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे सोपविली. हे गृहस्थ जी. आय. पी. रेल्वेच्या मालखात्यातले, गिरणीचा अनुभव त्यांना शून्य. आजचे फंडवालेही कल्पनेपेक्षा माणसावर पैसा लावतो असे सांगत असतात. त्यांनी बेझनजींचे चरित्र अवश्य पाहावे.

वऱ्हाडात परकीय भांडवलही आले. किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने मुर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी, लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून डोक्यावर घेतलेली छोटी रेल्वे कापसासाठीच निघाली आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके खाजगी मालकीचीच राहिली. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने घरोघरची वर्गणी जमवून १९०८ साली पुण्याजवळच्या तळेगावास काचेचा कारखाना उभारला. मात्र पैसा देणाऱ्याला त्यात हिस्सा नव्हता, होते ते पुण्य. मग जोखीम उचलण्याचे काम क्रमाने सरकारकडे आले: १९३३ चा मध्यप्रांताचा कर्जलवाद कायदा, १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी, २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेले ३,७५० कोटींचे पॅकेज. यांतील प्रत्येक उपाय झालेले नुकसान वाटून घेणारा होता. होणाऱ्या लाभावर पैसा लावणारा एकही नव्हता.

तशी रीत अमेरिकेत जॉर्जेस डोरिओ या हार्वर्डच्या अध्यापकाने १९४६ पासून घालून दिली. १९५७ साली त्याच्या संस्थेने डिजिटल इक्विपमेंट या नवजात कंपनीत घातलेल्या ७० हजार डॉलरांचे पुढे कोट्यवधी झाले आणि बुडालेले सारे त्यातून भरून निघाले. या धंद्याचे गणित तेच आहे. दहा ठिकाणी पैसा घालावा, बहुतेक जावा, एखाद्याने शंभरपट द्यावे. मुदत साधारण दहा वर्षे, व्यवस्थापकास दरसाल सुमारे दोन टक्के मेहनताना आणि नफ्यात पाचवा हिस्सा.

आपल्याकडे याची सुरुवात सरकारी वित्तसंस्थांनीच केली. आय. एफ. सी. आय. ने १९७५ साली जोखमीच्या भांडवलासाठी प्रतिष्ठान काढले. १९८८ साली आय. सी. आय. सी. आय. आणि युनिट ट्रस्ट यांनी मिळून बंगळूरची टी. डी. आय. सी. आय. स्थापिली, १९९६ साली सेबीने व्हेंचर फंडांचे नियम केले आणि २०१२ साली ते पर्यायी गुंतवणूक निधीच्या व्यापक नियमांत सामावून घेतले. त्याच २०१२ साली अर्थखात्याने मात्र नव्या कंपनीने वाजवीपेक्षा चढ्या दराने विकलेल्या भागांची वाढीव रक्कम उत्पन्न समजून तिच्यावर प्राप्तिकर लावला. ज्याचे वाजवी मोल कोणासच ठाऊक नाही त्याचे मोल प्राप्तिकर कारकुनाने ठरवावे, हा विनोद २०२४ च्या अंदाजपत्रकापर्यंत चालला. मधल्या काळात १६ जानेवारी २०१६ रोजी स्टार्टअप इंडिया योजना निघाली व सिडबीमार्फत दहा हजार कोटींचा निधी उभा राहिला. तो उद्योगांना थेट न देता फंडांना द्यावयाचा होता. २०१८ साली वॉलमार्टने फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा सुमारे १६ अब्ज डॉलरांना घेतला, तेव्हा घातलेला पैसा परतही येतो हे परदेशी गुंतवणूकदारांना पटले. २०२१ साली देशात सुमारे ३८ अब्ज डॉलर व्हेंचर भांडवल आले आणि २०२३ मध्ये ते दहा अब्जांच्या आसपास घसरले. १८६५ ची आठवण येण्याजोगाच हा चढउतार.

या पुराचे पाणी वऱ्हाडात का पोचले नाही? अकोल्याची डाळमिल घ्या. तिचा मालक हुशार, यंत्रे बरी, बाजार खात्रीचा. दहा वर्षांत ती तिप्पट होईल, पण शंभरपट होणार नाही, आणि फंडाच्या गणितात तिप्पट म्हणजे जवळजवळ अपयश. बँकेला ती चालेल, पण बँक सातबारा आणि इमारत पाहून पैसा देणार, नवी कल्पना पाहून नव्हे. उलट अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेला तरुण ज्या कल्पनेसाठी शंभरपटीचा दावा करू शकतो, ती घेऊन तो पुण्यास किंवा बंगळुरास जातो, कारण फंडवाला तेथेच भेटतो. आणि वऱ्हाडची स्वतःची शिल्लक? ती ले-आउटच्या भूखंडांत, सोन्यात आणि ठेवींत आहे. पेढीवाल्याचे जुने शहाणपण आज नोकरदाराच्या अंगी मुरले आहे, इतकेच.

नाशिकजवळच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी येथे विचारात घेण्याजोगी आहे. द्राक्षनिर्यातीत वर्षानुवर्षे हिशेब चोख ठेवल्यावर २०२२ साली तिच्यात युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले, तेही कर्ज म्हणून नव्हे तर भागीदार म्हणून. वरुड-मोर्शीच्या संत्र्याला हे का साधू नये? तेथे आजही बहुतेक बागाइतदार बहर झाडावर असतानाच व्यापाऱ्यास ठोक विकतो. म्हणजे भाव पडण्याचा धोका टाळताना चढण्याचा लाभही देऊन टाकतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांस केंद्र सरकार जास्तीत जास्त १५ लाखांपर्यंत भागभांडवलाची जोड देते. त्यात एक प्रतवारीचे यंत्र येईल, शीतगृह येणार नाही. उरलेल्या रकमेसाठी मुंबईच्या फंडाकडे पाहण्यात अर्थ नाही. पुण्यात आणि परदेशात स्थिरावलेले वऱ्हाडी अभियंते, अकोल्याचे डाळमिलवाले, अमरावतीचे डॉक्टर यांनी मिळून पाच-पन्नास कोटींचा, पंधरा वर्षे मुदतीचा आणि तिपटीवर समाधान मानणारा निधी सेबीच्या नियमांत बसवून काढता येईल. प्रत्येकी किमान एक कोटीची अट त्यात आड येते, तेव्हा भागीदार मोजकेच मिळतील. पण एम्प्रेस मिलच्या पहिल्या भागधारकांची यादीही फार लांब नसावी.