ध्वनिक्षेपक, लहान पेटीचे

विद्युत् संकेतांचे ध्वनीत रूपांतर करणारे, साधारणतः ५ ते २० लिटर घनफळाच्या पेटीत बसविलेले आणि टेबलावर, फळीवर किंवा उंच घडवंचीवर ठेवावयाचे घरगुती साधन. व्यापारात त्याला ‘बुकशेल्फ स्पीकर’ म्हणतात. तथापि पुस्तकांच्या फळीवर दाटीने कोंबल्यास यांपैकी बहुतेकांचा आवाज बिघडतो. म्हणून हे नाव आकारापुरतेच खरे मानावे. संगीत ऐकणे आणि घरी चित्रपट पाहणे या दोन्ही कामांसाठी माफक खर्चात घेता येणारा हा रूढ प्रकार होय. मात्र माफक खर्चात सर्व गुण एकत्र मिळत नाहीत. त्यामुळे कोणता गुण सोडला तर आपले कमीत कमी नुकसान होईल, हे ठरविणे हाच निवडीचा मुख्य भाग असतो.

इतिहास : आजही प्रचलित असलेली फिरत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाची रचना चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली. त्यानंतर सु. तीस वर्षे चांगला खर्ज म्हणजे कपाटाएवढी पेटी, असेच समीकरण होते. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये पूर्ण बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून ते मोडले व तुलनेने लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. पेटीला नळी बसवून खर्ज वाढविण्याची युक्ती त्याआधीची, बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांची आहे. तिचे एकस्व १९३२ मध्ये मिळाले. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७० नंतरची काही वर्षे) यांच्या गणितामुळे पेटीची रचना अंदाजाऐवजी आकडेमोडीने करता येऊ लागली. लहान पेटीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटिश नभोवाणी संस्थेने (बीबीसीने) १९७० नंतरच्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या मोटारगाड्यांसाठी तयार केलेला एलएस ३/५ए हा ध्वनिक्षेपक. त्याचे घनफळ जेमतेम ५ लिटर होते. त्यात खोल खर्ज नव्हता व तो फार मोठ्यानेही वाजत नसे. पण मानवी आवाज त्यातून इतका स्वाभाविक येई की, तो पुढे घरोघरच्या श्रोत्यांनीही उचलला. काय सोडावे हे नीट ठरविले म्हणजे लहान साधनही किती उत्तम होते, याचा तो नमुना आहे.

रचना व मर्यादा : बहुतेक लहान पेट्यांत दोन घटक असतात. १० ते १७ सेंमी. व्यासाचा शंकू (वूफर) नीच व मध्यम कंप्रता देतो आणि सु. २.५ सेंमी. व्यासाचा घुमट (ट्वीटर) उच्च कंप्रता देतो. वेटोळी व धारित्रे यांचे बनलेले विभाजक मंडल साधारणपणे २,००० ते ३,००० हर्ट्‌झच्या आसपास संकेताची वाटणी करते. स्वस्त वस्तूत काटकसर बहुधा या मंडलात होते. ते पेटीच्या आत असल्याने गिऱ्हाइकाला दिसत नाही.

खर्जासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. तेवढ्याच तीव्रतेचा ध्वनी निम्म्या कंप्रतेवर हवा असेल, तर शंकूला चौपट मागेपुढे व्हावे लागते. लहान शंकूला ते झेपत नाही. शिवाय पेटीचा लहान आकार, खर्जाची खोली आणि विद्युत् शक्तीचे ध्वनीत रूपांतर करण्याची कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. दोन निवडल्या की तिसरी हातची जाते. हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम किंमत कितीही वाढविली तरी सुटत नाही. अगदी लहान पेटीतून ‘प्रचंड खर्ज’ व ‘प्रचंड आवाज’ यांचे एकत्र आश्वासन देणाऱ्या जाहिरातीबद्दल म्हणूनच शंका घ्यावी.

भारतीय संगीताच्या दृष्टीने ही मर्यादा कितपत बाधते, हे पाहण्यासारखे आहे. काळी एक हा षड्ज धरला, तर पुरुषी तानपुऱ्यातील त्या षड्जाची कंप्रता सु. १३९ हर्ट्‌झ व खर्जाच्या तारेची सु. ६९ हर्ट्‌झ येते. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बेसची सर्वांत खालची तार मात्र सु. ४१ हर्ट्‌झपर्यंत उतरते आणि पियानोची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्‌झपर्यंत. सु. ६० हर्ट्‌झपर्यंत नीट उतरणारी पेटी त्यामुळे ख्यालगायनाला पुरी पडते. मूळ स्वर क्षीण झाला तरी त्याच्या वरच्या स्वरांशांवरून कान तो भरून काढतो, हाही एक आधार आहे. तानपुऱ्याच्या जवारीतून निघणारे विपुल स्वरांश (यांचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला होता) स्पष्ट व न किंचाळता ऐकू येणे, हीच अशा संगीतासाठी खरी कसोटी होय.

खोली : ध्वनिक्षेपकाचा निम्मा परिणाम खोलीच घडविते असे म्हणण्यास हरकत नाही. ३ मी. रुंद व ३.६ मी. लांब खोलीत अनुक्रमे सु. ५७ व ४८ हर्ट्‌झ या कंप्रतांना अनुस्पंदन होते. या कंप्रता काही जागी फुगतात, तर काही जागी जवळजवळ नाहीशा होतात. लांबी, रुंदी व उंची सारखीच असेल, तर तिन्ही अनुस्पंदने एकाच कंप्रतेवर येऊन खर्ज घुमू लागतो. मुंबई-पुण्याकडच्या दहा फूट चौरस खोल्यांत याचा अनुभव येतो. फरशी व उघड्या भिंती यांमुळे उच्च कंप्रताही परावर्तित होऊन शब्द पुसट होतात. सतरंजी, जाड पडदे व पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी हा दोष बराच कमी होतो. पत्र्याचे कपाट खर्जाबरोबर वाजू लागते, ते निराळेच. हे उपाय नवीन पेटीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत आणि ते आधी करावेत.

मागील भिंतीपासूनचे अंतरही महत्त्वाचे आहे. भिंतीजवळ खर्ज वाढतो, ६० सेंमी. अंतरावर परावर्तित तरंगामुळे सु. १४० हर्ट्‌झच्या आसपास खळगा पडतो. पेटी भिंतीला लागूनच ठेवावी लागणार असेल, तर बंद किंवा पुढून नळी असलेली घ्यावी. मागील नळीची पेटी भिंतीला टेकवू नये. नाइलाज असेल तर नळीत स्पंजाचा बोळा घालून पाहावा. दोन पेट्या व श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या पातळीवर यावा. पेट्या जोडताना धन व ऋण टोके उलटी झाल्यास खर्ज नाहीसा होतो. वस्तू सदोष ठरविण्यापूर्वी हे तपासावे.

आकड्यांचा अर्थ : गिऱ्हाइकाची सर्वाधिक फसगत वॉटच्या आकड्यावरून होते. भारतात कॅसेटच्या काळापासून खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेले हजारो वॉटचे आकडे कोणत्याही मान्य व्याख्येवर आधारलेले नव्हते. अमेरिकेत घरगुती विवर्धकांची शक्ती जाहीर करण्याची पद्धत १९७४ मध्ये नियमाने ठरविण्यात आली, ती अशाच अतिशयोक्तीमुळे. अंगचा विवर्धक असलेल्या पेटीच्या मागे मुख्य वीजपुरवठ्यातून घ्यावयाची शक्ती लिहिलेली असते. तो आकडा ६० वॉट असेल, तर ती पेटी सतत ५०० वॉट देऊ शकणार नाही, हे उघड आहे.

संवेदनशीलता हा आकडा अधिक उपयोगी आहे. २.८३ व्होल्ट (८ ओहम संरोधाला १ वॉट) दिले असता १ मी. अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी म्हणजे संवेदनशीलता. लहान पेट्यांत ती बहुधा ८४ ते ८८ डेसिबेल असते. ८६ डेसिबेल म्हणजे जेमतेम पाव टक्का शक्तीचा ध्वनी होतो, बाकीची उष्णतेत जाते. ३ डेसिबेल वाढीसाठी शक्ती दुप्पट लागते आणि कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून सु. दहापट. त्यामुळे ४० ऐवजी ५० वॉटचा विवर्धक घेऊन काही साधत नाही. लहान खोलीत २० ते ४० खऱ्या वॉटमध्ये भागते. कंप्रतेचा पल्ला सांगताना ‘± ३ डेसिबेल’ अशी मर्यादा दिलेली नसेल, तर तो निरर्थक समजावा. संरोध ४ ओहम असल्यास विवर्धक तो पेलतो की नाही, हे आधी पाहावे.

चित्रपटासाठी : १९९० नंतर पाच ध्वनिक्षेपक व खर्जाची एक वेगळी पेटी (सबवूफर) ही पद्धत घरात आली. संवाद मुख्यतः मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात. पैसे थोडे असतील, तर पाच निकृष्ट पेट्यांच्या संचापेक्षा दोन चांगल्या पेट्या घेणे श्रेयस्कर. मधला संकेत दोहोंत वाटून दिला की मधोमध बसलेल्या एकदोघांना संवाद पडद्यावरूनच आल्यासारखे वाटतात. पुढे सबवूफर जोडून सु. ८० हर्ट्‌झखालील भार त्याच्याकडे दिला म्हणजे लहान शंकूवरचा ताण उतरतो व मध्यम स्वरही स्वच्छ होतात. मधला ध्वनिक्षेपक त्याच बनावटीचा असावा. विवर्धक घरात नसेल, तर दूरचित्रवाणी संचाला सरळ जोडता येणाऱ्या अंगच्या विवर्धकाच्या पेट्या स्वस्त पडतात. मात्र एक भाग बिघडला की सगळेच अडते.

ऐकून पारख : कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत व नंतर अमेरिकेत फ्लॉइड टूल यांनी केलेल्या चाचण्यांत असे दिसले की, पेट्या पडद्याआड ठेवल्या तर बहुतेक श्रोते समोरून सपाट व बाजूनेही गुळगुळीत प्रतिसाद देणारी पेटीच पसंत करतात. १९९४ मधील एका चाचणीत त्याच श्रोत्यांना पेट्या दिसू लागताच आकार, नाव व किंमत यांप्रमाणे त्यांचे मत बदलले. दुकानातही हे घडते. शिवाय जी पेटी किंचित मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते. म्हणून तुलनेपूर्वी दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा. ओळखीच्या व्यक्तीचे ध्वनिमुद्रित बोलणे, तानपुरा व तबला एवढ्यावर बरीच पारख होते. बोलणे नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखे वाटले, तर पुढचे ऐकण्याचे कारण नाही.

जुनी पेटी घेताना शंकूभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून पाहावी. स्पंजाची कड कोकणपट्टीसारख्या दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते. रबराची पुष्कळ टिकते. भुश्याच्या फळ्यांची पेटी ओल लागल्यास कोपऱ्यांशी फुगते. अशा फुगलेल्या सांध्यांतून हवा निसटू लागली की बंद पेटीचा खर्ज जातो आणि शंकू बदलूनही तो परत येत नाही.