बोअरचं जड पाणी : मशीन घेण्याआधी तपासणी करा



आपल्या पिपरी मेघेत बऱ्याच घरी दोन तऱ्हेचं पाणी असतं. एक धाम नदीचं, नळाचं. दुसरं बोअरचं किंवा हापशीचं. उन्हाळ्यात नळाचं पुरत नाही, मग सगळा भार बोअरवर. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, गंजाच्या बुडाला पांढरी खपली धरते, केस राठ होतात. आपल्या जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. म्हणून ते जड होतं.

मध्यंतरी वस्तीतल्या एका बाईनं मला थांबवलं. "सिस्टर, ह्या पाण्यानं लेकराईले मुतखडा होते म्हणे. गटातून कर्ज काढून मशीन घेऊ का?" मशीन विकणाऱ्यानं तिच्यासमोर दोन पेल्यांत विजेच्या सळ्या बुडवल्या होत्या. बोअरचं पाणी लालसर गढूळ झालं, त्याच्या मशीनचं स्वच्छ राहिलं. ती घाबरून गेली.

हा घाबरवण्याचा खेळ आहे. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, सळीतल्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. त्याच्या 'शुद्ध' पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही लाल होईल.

मुतखड्याचंही ऐका. जड पाण्यानंच मुतखडा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही जडपणासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याचं मोठं कारण म्हणजे पाणी कमी पिणं. वर्ध्याच्या उन्हात घाम गाळून दिवसभरात चार पेलेच पाणी प्यायलं, तर लघवी घट्ट होते आणि खडा धरतो. ज्यांना आधीच खडा आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खरा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे : जंतू आणि नायट्रेट. संडासाचा शोषखड्डा किंवा उकिरडा बोअरजवळ असेल तर हे दोन्ही पाण्यात उतरू शकतात. पाणी मऊ करणारं मशीन, म्हणजे सॉफ्टनर, जंतू मारत नाही आणि नायट्रेट काढण्यासाठीही ते नसतं. उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. म्हणून वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला न तपासलेलं बोअरचं पाणी देऊ नका.

आधी तपासणी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, किंवा वर्ध्याला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. नमुना कसा आणि कोणत्या बाटलीत घ्यायचा, ते तिथूनच समजून घ्या. अहवालात तीन गोष्टी पाहा. एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. नायट्रेट ४५ च्या वर नको. आणि जंतू अजिबात नकोत.

जडपणाच जास्त निघाला, तर आधी स्वस्त उपाय करा. पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचं पाणी राखून ठेवा. डाळ भिजवून मग शिजवा. कपड्यांना साबणाच्या वडीऐवजी पावडर वापरा, किंवा पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवा. केस शेवटी तांब्याभर नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यानं धुवा. स्टीलच्या गंजातली खपली लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यानं निघते.

तरीही सॉफ्टनर घ्यायचाच असेल, तर हिशोब मांडा. जडपणा ५०० आणि रोजचा वापर ३०० लिटर असेल, तर दिवसाला १५० ग्रॅम क्षार काढावे लागतात. मशीनमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम क्षार धरतं. म्हणजे १० लिटरचं मशीन तीन दिवसांत भरतं. मग ते मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं, दर वेळी किलो-दीड किलो मीठ. महिन्याला १० ते १५ किलो! नळाच्या तोटीला लावायची छोटी डबी किती दिवस टिकेल, ते यावरून समजा. लोहचुंबकाची पट्टी तर क्षार काढतच नाही. आधीचं आणि नंतरचं पाणी तपासलं की जडपणा तेवढाच निघेल.

आणखी एक. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. वरच्या हिशोबातलं पाणी दिवसाला तीन लिटर प्यायलं, तर सुमारे पावणेदोन ग्रॅम मिठाइतकं सोडियम पोटात जातं. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं. म्हणून बीपी आणि किडनीच्या रुग्णांनी ते पाणी पिऊ नये. सॉफ्टनर अंघोळीला, धुण्याला.

एका बोअरवर आठ-दहा घरं असतात. सगळ्यांनी मिळून एकच नमुना द्या आणि अहवाल विहारात सगळ्यांसमोर वाचा. कर्जाच्या कागदावर सही त्यानंतर.