एका मूकपटाची अनेक रूपे

ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली की ती जुन्या आवृत्तीशी ताडून पाहता येते. काय गाळले, काय घातले, हे जाणकार वाचकाला उमगते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र पडद्यावर दिसते तेच मूळ, असे प्रेक्षक धरून चालतो. हा समज किती फसवा ठरू शकतो, हे ‘पित्स पालूचा शुभ्र नरक’ या १९२९ च्या जर्मन मूकपटाच्या इतिहासावरून ध्यानात येते.

पित्स पालू हे स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवरील सुमारे ३,९०० मीटर उंचीचे हिमशिखर. पर्वतपटांचे प्रवर्तक आर्नोल्ड फांक यांनी प्रत्यक्ष बर्फात टिपलेली दृश्ये आणि जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांनी दिग्दर्शित केलेले नाट्यप्रसंग यांतून हा चित्रपट सिद्ध झाला. हिमदरीत पत्नी गमावलेला एक डॉक्टर, त्याच्यासमवेत कड्यावर अडकलेले तरुण जोडपे आणि त्यांच्यासाठी डॉक्टरने केलेले आत्मदान, एवढेच कथानक. मूळ लांबी सुमारे अडीच तासांची होती.

मूकपट मुका असला तरी त्याचे प्रदर्शन कधीच मुके नसे. मोठ्या शहरांत वाद्यवृंद, तर लहान गावी एखादा पियानोवादक साथ करी. साहजिकच तेच हिमवादळ एका गावी भीषण वाटे, तर दुसऱ्या गावी करुण. बोलपट आल्यावर ध्वनी फिल्मवरच मुद्रित होऊ लागला आणि चित्रपटगृहांचा वादकांवरील खर्च वाचला. जुन्या मूकपटांना बाजारात पुन्हा स्थान मिळवायचे तर त्यांना ध्वनीची जोड देणे ओघानेच आले. १९३५ मध्ये या चित्रपटाची अशीच ध्वनियुक्त आवृत्ती निघाली. तिला जुझेप्पे बेक्चे यांचे संगीत होते आणि लांबी उरली होती जेमतेम दीड तास.

परंतु ही काटछाट निव्वळ व्यापारी नव्हती. मूळ चित्रपटात कुर्ट गेरॉन या ज्यू नटाची छोटीशी भूमिका होती. त्याची दृश्ये या आवृत्तीतून वगळण्यात आली. त्याच वर्षी चित्रपटाची नायिका लेनी रीफेनश्टाल हिने नाझी पक्षाच्या न्यूरेंबर्ग अधिवेशनावर काढलेला प्रचारपट झळकत होता. गेरॉनला १९३३ मध्येच जर्मनी सोडावी लागली होती. पुढे तो नाझींच्या हाती सापडला. १९४४ मध्ये टेरेझिनश्टाट येथील बंदिवासात त्याच्याकडून छावणीची खोटी सुखचित्रे रंगविणारा प्रचारपट करवून घेण्यात आला आणि त्याच वर्षी ऑश्विट्झ येथे त्याची हत्या झाली. ज्या राजवटीत माणूस प्रथम पडद्यावरून पुसला गेला, तिनेच नऊ वर्षांनी त्याचा जीव घेतला. कात्रीचा हा प्रवास विसरता येण्याजोगा नाही.

१९९० च्या दशकात जर्मनीत या मूकपटाची पुनर्रचना होऊन तो पुन्हा सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचला. त्याच्यासाठी ॲशली अर्विन यांनी वाद्यवृंदाचे नवे संगीत रचले. ही आवृत्ती मूळाच्या अधिक जवळची असली, तरी तिचे संगीत विसाव्या शतकाच्या अखेरचे आहे, याचे भान सुटता कामा नये. आजचा प्रेक्षक १९२९ ची दृश्ये सत्तर वर्षांनंतरच्या कानांनी ऐकत असतो.

मग १९३५ ची आवृत्ती टाकून द्यावी काय? मुळीच नाही. कलाकृती म्हणून ती खंडित आहे. पण दस्तऐवज म्हणून तिचे मोल मोठे आहे. मूळ प्रत सत्य सांगते, तर छाटलेली प्रत ते कोणाला नकोसे होते, हे सांगते. म्हणून संग्रहालयांनी दोन्ही जतन कराव्यात. आणि फिल्म सोसायट्यांनी जुना मूकपट दाखविताना आवृत्तीचे वर्ष, तिची लांबी व संगीतकाराचे नाव प्रेक्षकांना आधी सांगावे. ग्रंथाच्या दुसऱ्या पानावर जेवढी माहिती छापली जाते, तेवढी चित्रपटाच्याही वाट्याला यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.