पापलेटचा अभ्यास मोबाइलवर फुकट, मग बाकीच्या शोधनिबंधांना कुलूप का? समजून घ्या 'ओपन अ‍ॅक्सेस'

पालघर : शिरगाव-सातपाटीच्या किनाऱ्यावर किती लांबीचे पापलेट पकडायचे, हे आता सरकारी नियमाने ठरते. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. ही शिफारस केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची (सीएमएफआरआय). ज्याच्या जाळ्याला नियम लागतो, त्याला त्यामागचा अभ्यास वाचता यायला हवा ना?

इथे तो वाचता येतो. कोचीच्या या संस्थेचे 'ई-प्रिंट्स' नावाचे ऑनलाइन भांडार आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचे बहुतेक निबंध त्यात मोफत मिळतात. यालाच 'ओपन अ‍ॅक्सेस' म्हणतात.

विद्यापीठांतल्या संशोधनाचे चित्र वेगळे आहे. तारापूर एमआयडीसीचे सांडपाणी, खाडीतले जड धातू असे विषय शोधायला गेलात, तर अनेकदा फक्त सारांश दिसतो. पूर्ण निबंधासाठी तीस-चाळीस डॉलर मागितले जातात. गंमत म्हणजे निबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाला त्यातला रुपयाही मिळत नाही, तपासणाऱ्या तज्ज्ञालाही सहसा नाही. अशा अभ्यासाची गरज कुणाला पडते? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये तारापूरच्या प्रदूषणाविरोधात हरित लवादात गेली होती. मच्छीमारांची संघटना काही जर्नलची वर्गणी भरत नाही.

प्राध्यापक निबंध खुला कसा करतात?

एक मार्ग पैशांचा. लेखकाने शुल्क भरायचे, वाचकाला फुकट. पण 'नेचर'ने २०२१ पासून एका निबंधासाठी साडेनऊ हजार युरो लावले, तेव्हाच्या दराने आठ लाखांहून जास्त. जिल्ह्यातल्या कॉलेजमधला प्राध्यापक एवढे कुठून आणणार? शिवाय याच मार्गावर पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट जर्नल्सही उगवली.

दुसरा मार्ग बिनखर्चाचा आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित. स्वीकारल्या गेलेल्या निबंधाची स्वतःकडची प्रत संस्थेच्या भांडारात ठेवायची. बरेच प्रकाशक याला परवानगी देतात, काही जण वर्ष-दोन वर्षे थांबायला लावतात. सीएमएफआरआयसारखे भांडार मात्र प्रत्येक विद्यापीठाकडे नाही.

'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन'ने प्रश्न सुटला का?

अर्धाच. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना मिळाली. विद्यार्थी-प्राध्यापकांची सोय झाली हे खरे, पण संस्थेबाहेरच्या माणसासाठी दार बंदच आहे. शिरगावचा मच्छीमार, बोईसरचा कामगार किंवा पदवी घेऊन बाहेर पडलेला इंजिनीअर यांना हे लॉगिन मिळत नाही. म्हणजे कुलूप काढले नाही, काहींना किल्ली दिली.

तुम्ही काय करू शकता?

पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत आहेत. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी विद्यापीठांना प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. तिथे तारापूर, पालघर शोधून पाहा. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' जोडले, तर कुलूपबंद निबंधाची कायदेशीर मोफत प्रत कुठे आहे ते कळते. नाहीच मिळाली, तर सारांशाखाली लेखकाचा ईमेल असतो. दोन ओळी लिहून निबंध मागा. बरेच प्राध्यापक आनंदाने पाठवतात. भाषा मात्र बहुतेक वेळा इंग्रजीच असेल.