सुखाची आंखणी

सुख हें दैवानें ओंजळींत टाकावयाचें दान आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. घर बांधावयाचें झालें म्हणजे मनुष्य नकाशा काढतो, खर्चाचा अंदाज करतो, गवंड्याशीं चार वेळां बोलतो. परंतु त्या घरांत जें आयुष्य कंठावयाचें, त्याचा आराखडा मात्र क्वचितच कोणी कागदावर उतरवितो.

असा आराखडा काढणारा एक मुद्रक अठराव्या शतकांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं होऊन गेला. बेंजामिन फ्रँक्लिन याचा जन्म १७०६ सालीं बोस्टन येथें मेणबत्त्या व साबण करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं झाला. दहाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली व सतराव्या वर्षीं त्यानें घर सोडलें. पुढें स्वतःचा छापखाना काढल्यावर त्यानें एक लहानशी वही केली. मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग इत्यादि बारा गुण त्यानें निवडले. त्याच्या बोलण्यांत अहंकार डोकावतो, असें एका क्वेकरपंथी मित्रानें सांगितल्यावर नम्रता हा तेरावा गुण यादींत आला.

वहीची रचना मोठी मार्मिक होती. प्रत्येक गुणास एक पान; पानावर तांबड्या शाईनें आंखलेले सात वारांचे सात रकाने आणि तेरा गुणांच्या तेरा ओळी. दिवसां चूक घडली, कीं रात्रीं त्या ओळींत काळें टिंब पडावयाचें. आठवड्यास एकाच गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें. म्हणजे तेरा आठवड्यांत एक आवर्तन आणि वर्षांत चार. बागेंतील तण एकदम उपटूं नये, एकेक वाफा साफ करावा, हा यांतील विचार. पहांटे पांच वाजतां उठून ‘आज कोणतें सत्कृत्य करावें?’ आणि रात्रीं निजण्यापूर्वीं ‘आज कोणतें केलें?’ असा प्रश्न तो स्वतःस विचारी. इच्छा आणि योजना यांतील भेद येथें स्पष्ट होतो. ‘चांगलें व्हावें’ ही इच्छा. ‘या आठवड्यांत या ओळींत टिंब पडूं नये’ ही योजना.

ही योजना पूर्णपणें सफल झाली काय? नाहीं. व्यवस्थितपणा त्यास अखेरपर्यंत साधला नाहीं. तरीही उतारवयांत आत्मचरित्र लिहितांना, या प्रयत्नामुळेंच आपण अधिक चांगले व अधिक सुखी झालों, असा निर्वाळा त्यानें दिला आहे.

त्याचा दुसरा निर्णय याहूनही धाडसाचा होता. १७४८ सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं, चालता छापखाना भागीदार डेव्हिड हॉल याच्या हातीं सोंपवून तो धंद्यांतून बाजूस झाला. अधिक पैसा मिळविणें शक्य होतें; पण त्यास विद्युत्‌शास्त्राच्या प्रयोगांसाठीं मोकळा वेळ हवा होता. किती मिळालें म्हणजे पुरें, हें आधीं ठरविल्यावांचून असा वेळ कोणासही सांपडत नाहीं.

परंतु या वहीची एक मर्यादाही ध्यानांत ठेविली पाहिजे. न्याय हा गुण तींत होता, आणि तरीही फ्रँक्लिनच्या घरीं गुलाम राबत होते. त्याच्या वृत्तपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. त्याबद्दल टिंब घालावें, असें त्यास दीर्घकाळ वाटलें नाहीं. पुढें मात्र त्याचें मत पालटलें. १७८७ सालीं तो पेन्सिल्व्हेनियांतील गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि १७९० च्या फेब्रुवारींत, मृत्यूपूर्वीं अवघे दोन महिने, त्याच्या सहीचा गुलामगिरीविरुद्धचा अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसपुढें गेला. सारांश, आयुष्य केवळ आंखून भागत नाहीं. आंखणीही मधून मधून तपासावी लागते, आणि आपल्या सुखाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हेंही पाहावें लागतें.

जमाखर्च ठेवणाऱ्या कुटुंबास हें काम अवघड नाहीं. पैशाची वही असतेच. तींत एक पान दिवसांच्या हिशेबाचें वाढवावयाचें, इतकेंच. महिन्याचे रुपये कोठें गेले, हें गृहिणी सहज सांगते. महिन्याचे तीस दिवस कोठें गेले, हें सांगतां येऊं लागलें, कीं पुढचे तीस कसे घालवावयाचे, हेंही ठरवितां येऊं लागतें.