दाराशीं आलेला आततायी आणि कायदा

मध्यरात्रीं कोणी अनोळखी इसम दाराची कडी उचकटूं लागला आहे व घरांत म्हातारी आई आणि लेंकरें यांजवांचून दुसरें कोणी नाहीं, अशा वेळीं गृहिणीनें हातीं अडसर घ्यावा कीं न घ्यावा? पुष्कळ सुशिक्षितांचीहि अशी समजूत असते कीं, चोरास मार लागला तर उलट आपणांसच तुरुंगाची वाट धरावी लागेल. ही समजूत अर्धवट आहे, आणि संकटसमयीं अर्धवट समजूत अज्ञानाहूनहि घातक ठरते.

आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन चालून येणारा, धन, भूमि वा स्त्री हरण करणारा, या सहांस आपल्या धर्मशास्त्रकारांनीं 'आततायी' म्हटलें आहे. इ. स. १८३७ मध्यें मेकॉलेच्या मंडळानें दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हां त्यानेंहि लोकांच्या अंगीं प्रतिकाराचें धैर्य वाढावें असाच हेतु प्रकट केला. ती संहिता १८६० सालीं मंजूर झाली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली असून, आत्मसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्यें सांगितला आहे. त्याचें स्वरूप बहुतांशीं पूर्वीचेंच आहे.

कलम ४१ अन्वयें सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं होणाऱ्या घरफोडीच्या प्रतिकारांत प्रसंगीं हल्लेखोराचा प्राण गेला, तरी तो गुन्हा होत नाहीं. घरफोडीचा नुसता प्रयत्नहि त्यासाठीं पुरेसा आहे. कुलूप उघडणें, भिंत चढून येणें, दांडगाईनें आंत शिरणें, हे सारे घरफोडीचेच प्रकार होत. दिवसां साध्या चोरास रोखतांना त्याचा प्राण घेण्याची मुभा नाहीं. परंतु जबरी चोरी, राहत्या घरास आग, अथवा मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीति असेल, तर दिवसरात्रीचा भेद उरत नाहीं. स्त्रीवर बलात्काराच्या हेतूनें हल्ला झाल्यास कलम ३८ तिला हाच पूर्ण हक्क देतें.

या हक्कास कलम ३७ नें दोन कुंपणें घातलीं आहेत. सरकारी मदत मागण्यास सवड असेल तर हा हक्क नाहीं. आणि बचावास अवश्य तेवढीच इजा करावी, अधिक नव्हे. चोर रिकाम्या हातीं घराबाहेर पळाला, किंवा शेजाऱ्यांनीं त्यास धरून बांधला, म्हणजे संरक्षण संपलें. त्यानंतरचा प्रत्येक फटका हा सूड होय, व तो मारणारा स्वतःच आरोपी होतो. आळीआळींतून चोरास खांबास बांधून बडविणाऱ्या सज्जनांनीं हें विसरूं नये.

आपण संरक्षणार्थच हात उचलला हें दाखविण्याचा भार आरोपीवर असतो. तथापि तेथें संभाव्यता दाखविणें पुरेसें होतें. भयग्रस्त मनुष्याकडून तोलून मापून प्रतिकार व्हावा अशी अपेक्षा नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालच्या दर्शनसिंग खटल्यांत स्पष्ट केलें आहे. सद्भावानें मर्यादा ओलांडली गेली व मृत्यु घडला, तर तो सदोष मनुष्यवध होतो; खून नव्हे.

म्हणून प्रथम 'कोण आहे?' असें मोठ्यानें विचारावें. न जाणो, उशिरा परतलेला घरचाच कोणी असावयाचा! दिवे लावावे, शेजाऱ्यांस हांक मारावी, ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावें. एवढें करूनहि दार मोडलेंच, तर अडसर उचलणाऱ्या हाताच्या पाठीशीं कायदा उभा आहे.