लॅपटॉपचा मदरबोर्ड ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला मुलगा-मुलगी गेली की आपल्या घरात पहिला मोठा खर्च फीचा आणि दुसरा लॅपटॉपचा. तो दीड-दोन वर्षांत बंद पडतो, आणि दुकानदार सांगतो, “बोर्ड गेलाय, बदलावा लागेल.” नवीन बोर्डाची किंमत ऐकली की वडील गप्प होतात. लॅपटॉप कपाटात जातो आणि परीक्षेचा अभ्यास मोबाईलवर सुरू होतो. साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत ही गोष्ट घरोघरी ऐकायला मिळते. म्हणून बोर्ड जातो म्हणजे काय, हे आम्ही जरा सोपं करून सांगतो.

मदरबोर्डवर शेकडो बारीक भाग असतात. त्यातले बरेचसे तपकिरी रंगाचे, तिळाएवढे कपॅसिटर. चार्जरमधून साधारण १९ व्होल्ट आत येतात. बोर्ड त्यांचे ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि प्रोसेसरसाठी जवळपास १ व्होल्ट असे तुकडे करतो. प्रत्येक वाटेवर वीज स्थिर ठेवायला हे कपॅसिटर बसवलेले असतात. एक टोक विजेच्या वाटेवर, दुसरं ग्राउंडला. लॅपटॉप पडला, वाकला, आत ओल गेली किंवा वीज कमी-जास्त झाली की एखाद्याला आतून चीर पडते आणि दोन्ही टोकं एक होतात. यालाच शॉर्ट म्हणतात. मग सगळी वीज ग्राउंडला पळते आणि यंत्र मेल्यासारखं पडून राहतं. चार्जरला दिवा असेल तर पिन लावताच तो विझतो किंवा लुकलुकतो, ही त्याची एक खूण.

म्हणजे बऱ्याचदा बोर्ड गेलेला नसतो, त्यावरचा एक दाणा गेलेला असतो. भाग काही रुपयांचा. पैसे लागतात ते तो शोधण्याचे, आणि ते द्यायला हरकत नसावी.

शोधतात कसा? आधी बॅटरी काढतात. मग मल्टिमीटरने प्रत्येक वाटेचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजतात. जिथे तो शून्याजवळ, तिथे संशय. इथे अर्धवट शिकलेला माणूस फसतो. प्रोसेसरच्या वाटेवर रेझिस्टन्स मुळातच खूप कमी असतो, तो पाहून “प्रोसेसर शॉर्ट आहे” असं सांगून मोकळं व्हायचं! जाणकार उस्ताद त्याच मॉडेलचा नकाशा उघडून बघतो. मग शॉर्ट झालेल्या वाटेवर बाहेरून वीज देतो, तीही एक व्होल्ट किंवा त्याहून कमी. बोर्डावर आधी राळेच्या धुराचा पांढरा थर दिलेला असतो. बिघडलेला भाग तापतो आणि नेमका तिथला थर वितळतो. घाईत जास्त व्होल्ट दिले तर वीज प्रोसेसरपर्यंत पोहोचू शकते, आणि मग खरोखरच बोर्ड गेला.

पुढचं काम हातसफाईचं. फ्लक्स लावायचा, गरम हवेच्या गनने तो कण उचलायचा, पुन्हा मोजायचं. शॉर्ट गेला की तेवढ्याच क्षमतेचा आणि व्होल्टेजचा कपॅसिटर बसवायचा. मिरजेत तलवारी घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी काळ बदलल्यावर सतार-तंबोरे घडवायला घेतले, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. आपल्याकडे हाताची कला कमी नाही, हे त्यावरून आठवलं. या कामाला चांगला मायक्रोस्कोप, गरम हवेची गन, मीटर आणि एखादा उस्ताद एवढं मिळालं तर दहावी-बारावी झालेला मुलगाही शिकू शकतो. मात्र दोन महिन्यांच्या क्लासमध्ये हात बसत नाही.

पाण्याचं प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. पुराचं पाणी स्वच्छ नसतं. त्यात माती, क्षार, गटाराची घाण असते. बॅटरी जोडलेली असताना असं पाणी आत राहिलं की तांब्याच्या बारीक रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात. म्हणून भिजलेला लॅपटॉप ‘चालतो का बघू’ म्हणून कधीच चालू करू नका, चार्जर तर लावूच नका. बॅटरी काढून घ्या किंवा लगेच दुकानात न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, क्षार आतच राहतात. बोर्ड सुटा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो. मोठ्या चिपांच्या पोटाखाली गंज गेला असेल तर मात्र चांगला कारागीरही हात जोडतो.

एक फसवा उपायही चालतो. चिप नुसती गरम करून लॅपटॉप चालू करून देतात. गिऱ्हाईक खुश, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. त्यामुळे कोणता भाग बदलला ते विचारा, जुना भाग मागा, पावतीवर दुरुस्तीची हमी लिहून घ्या. कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर उघडूच नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राईट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आहे. दुरुस्ती आणि सुट्या भागांची कंपन्यांची माहिती तिथे बघता येते.

आणि आतला डेटा. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, आधार, बँकेची कागदं, स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं त्यात असतं. दुसऱ्याच्या हाती दिलेली ती अमानतच. बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी एका-दोन स्क्रूवर निघते. ती तुमच्यासमोर काढून घ्या आणि घरी न्या. शॉर्ट शोधायला तिची गरज नसते. काही मॉडेलमध्ये ती बोर्डालाच जोडलेली असते, तिथे बोर्ड बदलला की डेटाही गेला. अशा वेळी तो एक कण बदलणं हाच बहुधा डेटा वाचवायचा मार्ग उरतो. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये बिटलॉकर अनेकदा आपोआप चालू असतं. बोर्डाच्या कामानंतर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप दुकानात देण्याआधी मुलाला ती शोधून कागदावर उतरवून ठेवायला सांगा.